बैलाची सुट्टी ठरलेली असते

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ढाणकीत बैलांचे खांदे शेकतात. हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं खांदा चोळायचा आणि म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ दुसऱ्या दिवशी जू नाही, औत नाही. वर्षभर तुतारी टोचणारा धनीसुद्धा त्या दिवशी त्याच्या पाया पडतो. एरवीही ऊन चढलं की औत सुटतंच, कारण दमलेला बैल तासातच बसला तर त्याला उठवता उठवता घाम फुटतो. घरातल्या बाईला मात्र असं बसून घेता येत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या नैवेद्याचं पुरण तीच वाटत असते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना बैलाइतकीही सुट्टी नव्हती. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस मागितला. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानात मोठी सभा झाली, तिथं दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. ढाणकीतली बँक रविवारी बंद असते, तेव्हा पासबुक घेऊन परत फिरणारे आपण लोखंड्यांचं नाव काढत नाही. फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवारही मिळाला. मिळू द्या, माझं काही म्हणणं नाही.

पण आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणी किलोनं असते. कमरेला ओटी बांधून बाई तासाला लागली की दिवसभर वाकलेली. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला रुततात, बोटं चिरतात. तिला ‘बसू नको’ असं कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजच नसते, कारण संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो आणि सावलीत घालवलेला वेळ गाठोड्याच्या वजनात कमी भरतो. रोजानं निंदायला गेलेली बाई निदान मालकाच्या वेळेत पाठ सरळ करते, किलोवाली स्वतःच्या पैशातून करते.

रोजगार हमीच्या कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीची वेळ द्यायची असं लिहिलेलं आहे. तिथंही मजुरी बहुधा खोदलेल्या मातीच्या मापावरच निघते, त्यामुळे सावली असली तरी तिच्यात बसणं परवडेलच असं नाही. कायदा करणाऱ्यांनी विसावा दिला, त्याचे पैसे कुणी द्यायचे ते मापावर सोडलं.

म्हणून आमच्या बायकांनी बसायला निमित्तं शोधली आहेत. तूर निवडायला, गोधडीला टाके घालायला, लेकराला पाजायला बसलेलं चालतं. नुसतं बसलेलं दिसलं की सासू सोडा, शेजारीणसुद्धा विचारते, ‘काहून वं, बरं नाही का?’ बाईनं टेकायचं तर आधी आजारी पडायला हवं, असा एकूण हिशेब.

आणि आजारी पडली तरी काय? कंबर धरलेली एक बाई दवाखान्यात माझ्या पुढच्या नंबरवर होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि आठ दिवस पूर्ण रेस्ट सांगितली. तिनं चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि विचारलं, ‘वेचणी झाल्यावर घेतली तर जमंल का?’ डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारला.

शेतात एक तोड मी पाहिली आहे, ती बायकांनी स्वतःच काढलेली. टोळीतली वयानं मोठी असलेली बाई दुपारी हाक मारते आणि सगळ्या एकदम भाकरी सोडतात. एकटी बसली तर ती मागं पडते आणि बोलणंही खाते. सगळ्या बसल्या की कुणीच मागं पडत नाही, आणि मालकाला एकीचं नाव घेऊन ओरडताही येत नाही. जेवण झाल्यावर त्या तिथंच, बाभळीखाली, पदर तोंडावर घेऊन आडव्या होतात. उठायची हाकही तिनंच द्यायची असते, आणि मी पाहिलं त्या दिवशी तिनं ती बऱ्याच उशिरा दिली.