जलसंजीवनीची जुनी पुडी

पावसाळ्यात नवे पाणी आले की आपल्या नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांतून उलट्या-जुलाबाच्या तक्रारी वाढतात. उन्हाळ्यातही काही वेगळे नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईत साठवलेले, चार हातांतून गेलेले पाणी पोटात जाते आणि रात्री-अपरात्री लेकराला हगवण लागते. मग आई फडताळात हात घालते. गेल्या साली आशाताईंनी दिलेली जलसंजीवनीची पुडी सापडते, पण आत दगडासारखा खडा झालेला असतो. ती द्यावी की फेकावी?

या पुडीत मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असते. मीठ आणि ग्लुकोज हवेतला ओलावा ओढून घेतात. पत्र्याच्या घरात, माठाशेजारी किंवा चुलीजवळ ठेवलेली पुडी म्हणूनच लवकर आवळते. पूर्वी सायट्रेटऐवजी खाण्याचा सोडा घालीत. ते मिश्रण दमट उष्ण हवेत फार टिकत नसे. म्हणून १९८४ पासून सायट्रेट आले.

पुडी फाटलेली नसेल, मुदत संपलेली नसेल, खडा पांढरा असेल आणि पाण्यात पूर्ण विरघळत असेल, तर ती चालते. पावडर तपकिरी किंवा चिकट झाली असेल तर सरळ फेकावी. तारीख उलटली असेल तर नवी आणावी. अंगणवाडीत, उपकेंद्रात, आशाताईंकडे ती फुकट मिळते. मागायला संकोच कशाला?

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. खडा फोडून "थोडीशी" वाटीत घालू नये. आवळलेल्या पुडीत एका तुकड्यात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त असू शकते. पुडी एकदम आणि सगळीच भिजवायची. पाणी किती, ते पुडीवर वाचा. मोठी साडेवीस ग्रॅमची पुडी एक लिटरला असते, लहान पुडी २०० मिलिलिटरला. मोठी पुडी तांब्याभर पाण्यात कालवली तर मीठ फार होते आणि तान्ह्या लेकराला झटकेसुद्धा येऊ शकतात. बाजारातली लिटरची रिकामी बाटली धुऊन मापाला ठेवा. पाणी उकळून गार केलेले घ्या. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या.

या साध्या मिश्रणाची ताकद १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिसली. पटकीने माणसे मरत होती, सलाइन संपले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. ग्लुकोज सोबत असले की आतडे मीठ ओढून घेते आणि मिठामागे पाणी जाते, एवढेच त्यातले गमक.

पुडी वाया गेली आणि रात्र असली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्याइतपतच खारट लागावी. चमच्या-चमच्याने पाजत राहा, अंगावरचे दूध तोडू नका. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले तर घरात वेळ न घालवता दवाखाना गाठा. पुडीसोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात. जुलाब थांबले तरी त्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या. आणि पुड्या झाकणाच्या कोरड्या डब्यात, माठापासून दूर ठेवा.