पाटी हवी, हाकाटी नको

चांगल्या वकिलाला जाहिरात लागत नाही, असे बार रूममध्ये जी मंडळी ठासून सांगतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वडिलांची पाटी त्याच गल्लीत चाळीस वर्षे लटकत होती. पक्षकार नावलौकिक ऐकून येतो हे खरे. पण तो कानावर पडायला पक्षकारही त्याच गावात वाढलेला असावा लागतो. लातूरकडून चाकणच्या कारखान्यात कामाला आलेल्या माणसाला कोणी दिलेला चेक वटला नाही, तर त्याने कोणत्या गल्लीत विचारायचे? तो मोबाइल काढतो आणि शोधतो. त्या पडद्यावर छोट्या वकिलाने दिसावे की नाही, आणि दिसायचे तर कसे, यावर सध्या दोन टोकाची मते आहेत. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी नियम पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 36वा नियम वकिलाला काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो, मग ती उघड असो की आडमार्गाने. परिपत्रके, जाहिराती, दलाल, आपण चालवत असलेल्या खटल्याच्या बातमीसोबत छापून आणलेला फोटो, सगळे वर्ज्य. पाटी बेताच्या आकाराची हवी आणि अमुक प्रकारच्या कामात आपला हातखंडा आहे असे तिच्यावर लिहायचे नाही. 2008 साली या भिंतीला एक खिडकी पडली: वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देता येतात. म्हणजे जिन्याखालच्या पाटीवर ‘कौटुंबिक दाव्यांचे तज्ज्ञ’ लिहिले तर गैरवर्तन, आणि जगभर दिसणाऱ्या वेबसाइटवर ‘कामाचे क्षेत्र: कौटुंबिक दावे’ लिहिले तर चालते. या दोहोंतला फरक वकील तासभर समजावून सांगेल. पक्षकाराला तो कळणार नाही. (आणि खरे सांगायचे तर, वेबसाइट काढणाऱ्या किती जणांनी तो नियम मुळातून वाचलेला असतो, हाही प्रश्नच आहे.)

पहिला पक्ष सोवळ्यांचा. वकिली हा धंदा नव्हे, व्रत आहे; व्रताची जाहिरात करतात का, असे त्यांचे म्हणणे. त्यांना अलीकडे बळही मिळाले आहे. जुलै 2024मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करायला सांगितले, आणि मार्च 2025मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमांवरच्या प्रचाराविरुद्ध पुन्हा इशारा दिला. पण या पक्षाचा सर्वात भक्कम पुरावा जुना आहे आणि मुंबईचाच आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्रने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेल्या आणि 1975 साली निकाल लागलेल्या त्या प्रकरणात काही वकील फौजदारी कोर्टाच्या दारातच पक्षकाराची वाट पाहत उभे राहत. पक्षकार दिसला की त्याच्यावर धाव, कागदांची ओढाओढ, फी पाडून सांगणे, प्रसंगी हातघाई. अपिलात असाही युक्तिवाद मान्य झाला होता की विशिष्ट व्यक्तीकडे, विशिष्ट खटल्यासाठी, काम मागितल्याचे सिद्ध झाले तरच नियम मोडतो. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ठीकच केले.

पण या प्रकरणातून सिद्ध काय होते? गळ्यात पडणे वाईट, एवढेच. पक्षकाराला माहिती देणे वाईट, हे त्यातून निघत नाही. सोवळा पक्ष या दोन गोष्टींची गल्लत करतो, आणि त्या गल्लतीवर दलाल जगतो. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर, पोलीस ठाण्याच्या चहाच्या टपरीवर, ‘क्लेम करून देतो, खर्च नंतर’ असे सांगणारा माणूस कोणत्या वेबसाइटमुळे आलेला नाही. त्याचे भांडवल एकच: समोरच्याला काही ठाऊक नसणे. नियमाच्या यादीत दलालालाही मनाई आहे. पण तो कागद मागे ठेवत नाही, म्हणून त्याच्यावर तक्रार उभी राहत नाही. मोठ्या फर्मची तर गोष्टच वेगळी. परिषदांचे प्रायोजकत्व, पुरस्कार, इंग्रजी दैनिकांतले लेख, उद्योगसमूहांच्या मेजवान्या यांना कोणी जाहिरात म्हणत नाही. बंदीचा जाच होतो तो तालुक्याच्या कोर्टात टेबल टाकून बसलेल्या, पाच वर्षांच्या सनदेच्या वकिलाला.

आणखी एक गोष्ट सोवळा पक्ष सोयीस्करपणे विसरतो. मे 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यामागची कारणे वजनदार आहेत, मी त्यांच्याशी भांडत नाही. पण मग काम बिघडल्यावर ग्राहक आयोगाचे दार बंद असलेल्या पक्षकाराला, काम देण्याआधी जास्तीत जास्त माहिती मिळायला हवी की कमीत कमी?

दुसरा पक्ष बाजाराचा. त्याचे प्रवक्ते बहुधा वकील नसतात. ते ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारे पॅकेजवाले असतात. कोर्टाच्या पायऱ्यांवर काळा कोट उडवत, संथ चालीत काढलेली रील, महिन्याला अमुक फोन येण्याची हमी, पंचतारांकित अभिप्राय. अमेरिकेत हे सर्रास चालते, असा त्यांचा हुकमी दाखला.

तो दाखला नीट पाहिला तर त्यांच्याच अंगावर येतो. 1976 साली ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात होते काय? वाद नसलेला घटस्फोट 175 डॉलर, वर कोर्टाची 20 डॉलर फी. नावबदल 95 डॉलर, वर 20. सरळ दरपत्रक. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. त्याच न्यायालयापुढे 1978 साली ओहायोचा एक वकील आला. अपघातात जायबंदी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्याने रुग्णालयात खाटेवर गाठून गळ घातली होती. त्याला झालेली शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली. दर छापायला मोकळीक, खाटेपाशी जायला बंदी. पुढे तिथे महामार्गावर वकिलांचे फलक उभे राहिले हे खरे, पण मूळ निवाड्याने जो फरक केला तो आपण उचलावा, फलक कशाला?

बाजाराच्या सल्ल्यात छोट्या वकिलाचा तोटा उघड आहे. शोधाच्या पानावरची जाहिरात ही लिलावाने मिळणारी जागा असते. लिलावात एकट्या वकिलाने मोठ्या फर्मशी बोली लावायची, आणि तो पैसा वसूल करायचा पक्षकाराच्या फीमधून. अभिप्रायांचे तर विचारूच नका. दाव्यात हरलेला विरुद्ध पक्ष रात्री बसून एक तारा देऊन जातो. त्याला उत्तर काय देणार? अशिलाने विश्वासाने सांगितलेले बाहेर काढायला पुराव्याचा कायदा मनाई करतो, जुनाही आणि 2023चा नवाही. अमेरिकन बार असोसिएशनलाही 2021मध्ये वकिलांना हेच बजावावे लागले. ज्या मैदानात वकिलाचे तोंड बांधलेले आहे, तिथे त्याने पैसे भरून उतरावेच का?

मग करायचे काय? लिहायचे, मराठीत आणि बिनचूक. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा वाटा हा विषय घ्या. महाराष्ट्राने 1994मध्ये मुलींना सहदायकी हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले; 2005च्या केंद्राच्या दुरुस्तीने ते वगळणे संपले; आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004पूर्वी नोंदणीकृत वाटप झाले असेल तर मात्र ते उकरता येत नाही. एवढे चार परिच्छेदांत मांडून, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी सात-बारा आणि फेरफार कसे वाचायचे हे सांगणारा वकील कोणाच्याही गळ्यात पडत नाही. चाकणच्या त्या कामगाराला तर मुदतीच कळायला हव्यात: चेक परत आल्याचे बँकेकडून समजल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. हे वाचून तो दुसऱ्याच वकिलाकडे गेला तरी हरकत नाही. निदान मुदत हुकणार नाही. आणि वार्षिक उत्पन्न बेताचे असेल, किंवा पक्षकार स्त्री असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळू शकतो, 15100 हा क्रमांक लावा, हेही त्याच पानावर लिहावे. स्वतःचे काम घालवणारी ही ओळ लिहिणाऱ्यावर माझा विश्वास लवकर बसेल.

यावर आक्षेप येईल की लेख म्हणजे आडमार्गाची जाहिरातच. असेलही थोडी. मग कायद्यावर वर्तमानपत्रात सदर चालवणाऱ्या ज्येष्ठांचे काय? दुसरा आक्षेप जास्त गंभीर: वकील खोटे लिहील. लिहू दे. लिहिलेले राहते, पुरावा म्हणून बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे ठेवता येते, आणि अधिवक्ता अधिनियमाच्या 35व्या कलमात ताकिदीपासून सनद जाण्यापर्यंत सगळे आहे. शिवाय ई-कोर्टवर वकिलाच्या नावाने शोधले की त्याची प्रकरणे दिसतात. ‘शेकडो दावे लढवले’ ही बढाई पक्षकार स्वतः पडताळू शकतो. टपरीवरच्या कुजबुजीला अशी कोणती कसोटी लावणार?

2008च्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र तिच्यात यायला हवी, ती म्हणजे फी. नोटीस पाठवायला किती, भाडेकराराची नोंदणी करून द्यायला किती, संमतीच्या घटस्फोटाला किती, आणि कोर्टाचा खर्च वेगळा किती. फी उघड केली तर वकील एकमेकांचे दर पाडतील ही भीती खरी धरली, तरी आज दर काय आहे हे चेंबरमध्ये शिरून, वकिलाच्या चेहऱ्याकडे पाहत ठरण्यापेक्षा ते बरे. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. बार कौन्सिलने ठराव करावा आणि सरन्यायाधीशांची संमती घ्यावी, एवढ्याने नियम बदलतो.