दादासाहेबांचे देणे

आज १५ ऑक्टोबर. १९०२ साली याच दिवशी दिंडोरी तालुक्यातील आंबे या खेड्यात भाऊराव गायकवाड यांचा जन्म झाला. अवघा महाराष्ट्र पुढे त्यांना कर्मवीर दादासाहेब म्हणून ओळखू लागला. आज आमच्या नाशिक नगरीत सभा भरतील, प्रतिमेस हार घातले जातील आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे स्मरण केले जाईल. ते उचितच आहे. परंतु ज्या पुरुषाने आयुष्यभर हिशेब मागितला, त्याचे स्मरण हिशेब टाळून करणे हा त्याचा गौरव नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत सत्याग्रहास प्रारंभ झाला. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया मंदिराच्या बंद दरवाजांपुढे जाऊन बसल्या. ९ एप्रिलच्या रामनवमीस रथ ओढण्यावरून समेट ठरला आणि तो मोडला. त्या दिवशी या पुण्यनगरीने आपल्याच बांधवांवर दगड फेकले. हा इतिहास आमचा आहे. त्यातील वीरश्री तेवढी आमची आणि दगड मात्र परक्यांचे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाही नाशिककरास नाही.

त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले. मग इथला लढा चालविला कोणी? सत्याग्रहींना अन्न पुरविणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस करणे, बहिष्कृत वस्त्यांना धीर देणे, कचेरीत खेटे घालणे, ही सारी निरलंकृत कामे दादासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. लढ्याची घोषणा एका दिवसात होते. तो टिकविण्यास मात्र गावात राहणारा, गावाचा रोष पत्करणारा माणूस लागतो. दादासाहेब हे अशा माणसांचे शिरोमणी होते. १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्राने कळविले की, मूर्तीच्या दर्शनासाठी हा लढा नव्हता. पीडितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा त्याचा हेतू होता आणि तो साधला आहे. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. दरवाजे उघडले, पण दादासाहेब तिथे थांबले नाहीत.

कारण त्यांना ठाऊक होते की, देवळात जाऊन आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा दुसऱ्याच्याच बांधावर मजुरीस उभा राहतो. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, त्याचा स्वाभिमान मालकाच्या मर्जीवर तगतो. म्हणूनच १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून, स्वतः राज्यसभेचे सदस्य असताना, तो देशभर नेला. लाखाहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पडीक जमीन भूमिहीनांस द्या, बौद्ध झालेल्यांच्या सवलती कायम ठेवा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तैलचित्र १९९० साली लागले. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. दादासाहेब मात्र २९ डिसेंबर १९७१ रोजीच निवर्तले होते.

राहिली ती जमीन. १९९१ साली शासनाने भूमिहीनांची गायरानावरील १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. पण पुरावा आणावा कोणी? ज्याचे नाव सरकारी दप्तरात लिहिलेच जात नव्हते, त्याच्याकडेच दप्तराचा उतारा मागावयाचा, हा न्याय की थट्टा? २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाची योजना आहे. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन घेऊन द्यावी, असे ती सांगते. हेतू उत्तम आहे. परंतु ठरलेल्या दरात कोणी जमीन विकावयास तयार होत नाही, हे उत्तर भूमिहीनांनी किती काळ ऐकावे?

जमीन आहेच कोठे, असे विचारणाऱ्यांस आम्ही आपल्याच जिल्ह्याकडे पाहण्याची विनंती करू. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरीतून गेला, तेव्हा शासनाने घरोघर वाटाघाटी केल्या, शासकीय दराच्या अनेक पट मोबदला दिला आणि शेकडो कोस जमीन मिळविली. रस्त्यासाठी जी तळमळ दिसली, तिचा दशांशही भूमिहीनांच्या वाट्यास येऊ नये काय?

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील पात्र भूमिहीनांची यादी आणि त्यांना आजवर मिळालेली जमीन यांचा हिशेब शासनाने गाववार प्रसिद्ध करावा. योजनेचा दर बाजाराशी जुळवावा. गायरान कसणाऱ्याचा दावा निकाली निघाल्यावाचून त्यास उठवू नये. पुढील १५ ऑक्टोबरला हार घालणारे हात हा कागदही सोबत घेऊन येतील, तर आम्ही त्यांचे स्वागत करू. दादासाहेबांनी आम्हांस माणुसकी शिकविली. त्यांचे देणे अद्याप फिटलेले नाही.