घरबसल्या इंग्रजी : ‘करणारच होते’

कोथरूडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. ‘नातू परदेशात वाढतोय. परवा त्याचा फोन आला. “अरे, मी तुलाच फोन करणार होते,” असं इंग्रजीत सांगायला गेले नि म्हटलं, “आय विल कॉल यू.” तो “ओके आजी, बाय” म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा! दिवसभर चुटपुट लागली.’

आजी, नातवाचं काही चुकलं नाही हो. ‘आय विल कॉल यू’ म्हणजे ‘मी तुला फोन करीन’. त्याला वाटलं, आजी कामात दिसतेय.

तुमचाही दोष नाही. आपल्यातल्या पुष्कळजणींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. (मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली.) ‘णार’ दिसला की ‘विल’ लावायचं, एवढंच डोक्यात बसलेलं. पण ‘णार’च्या पुढे ‘होते’ आलं की ‘विल’ चालत नाही.

नुसता बेत होता, तर म्हणा, ‘आय वॉज गोइंग टु कॉल यू.’ मात्र हात फोनकडे गेलाच होता असं सांगायचं असेल, तर ‘आय वॉज जस्ट अबाउट टु कॉल यू.’ आपण ‘करणारच’ म्हणताना जो ‘च’ लावतो, त्याचं काम इथं ‘जस्ट अबाउट टु’ करतं.

सराव स्वयंपाकघरातच करा. दूध उतू जायच्या बेतात आलं, की ‘द मिल्क इज अबाउट टु बॉइल ओव्हर.’ (आधी गॅस बारीक करा, मग इंग्रजी!)

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘अबाउट टु’ हे अगदी ऐन क्षणासाठी. त्याला ‘टुमॉरो’ जोडू नका. उद्या मुंबईला जायचं असेल, तर सरळ ‘आय अ‍ॅम गोइंग टु मुंबई टुमॉरो’ म्हणा. दुसरं, ‘ऑन द पॉइंट ऑफ’ वापरलंत, तर पुढे ‘लीव्हिंग’ येईल, ‘टु लीव्ह’ नाही. आणि आपण रडकुंडीला येतो ना, ते ‘ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स’.

आता आजी, वाट बघत बसू नका. तुम्हीच फोन लावा. इंग्रजी वाक्य म्हणून झालं, की ‘अरे, करणारच होते रे!’ हे मराठीतही म्हणा. आजीच्या तोंडचा तो ‘च’ नातवाच्या कानावर पडायलाच हवा.