ओटीपी कोणाच्या हाती?

इंटरनेटमुळे लेखनाचे लोकशाहीकरण झाले, हे विधान मराठीच्या चर्चासत्रांत इतक्यांदा केले जाते की त्याला पुरावा मागणे असभ्यपणाचे वाटावे. तो असभ्यपणा आम्ही येथे करीत आहोत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांना विचारले गेले: इंटरनेट कधी वापरले आहे का? रोज नव्हे, कधीतरी. महाराष्ट्रात 38 टक्के स्त्रियांनी होकार दिला; पुरुषांत हे प्रमाण 61.5 टक्के होते. शेजारच्या गोव्यात स्त्रिया 73.7 टक्के, पुरुष 82.9 टक्के.

निरक्षरतेची सबब येथे चालणार नाही. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 84.4 टक्के स्त्रिया साक्षर होत्या. म्हणजे साक्षर स्त्रियांपैकीही निम्म्याहून अधिक जणी बाहेरच राहिल्या. गोवा लहान, सधन, अधिक शहरी आहे, हे मान्य. पण एकाच घरातील नवरा-बायकोमधली दरी शहरीपणाने कशी उलगडावी? उत्तर बरेचसे मालकीत आहे. स्वतः वापरते असा मोबाइल गोव्यात 91.2 टक्के स्त्रियांकडे होता, महाराष्ट्रात 54.8 टक्के.

त्यानंतर फोन वाढले, हे खरे. पण 2025 साली 'लाडकी बहीण' योजनेने ई-केवायसी मागितली, तेव्हा बहिणीच्या आधारबरोबर पती वा पित्याच्या आधारवरचा ओटीपीही लागला. दीड हजार रुपये तिचे; त्यांची किल्ली मात्र दुसऱ्याच्या फोनमध्ये.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) आपण वर्गात शिकवतो. घरातील स्त्रियांचा विरोध आणि पतीचा आग्रह यांच्या कात्रीत त्या शिकल्या. पती उदार निघाला म्हणून दार उघडले, हे सांगताना आपण गहिवरतो; दार उघडण्याचा अधिकार त्याच्याकडेच का होता, हे विचारायला विसरतो. आजही तेच चालले आहे.

'स्त्रियांचे ऑनलाइन लेखन' या विषयावर प्रबंध जरूर व्हावेत. पण ज्या लिहितात त्यांच्यावरून 'मराठी स्त्री'विषयी निष्कर्ष काढण्याआधी, फोन कोणाचा, तो तिच्या हाती केव्हा येतो आणि तिचे लिहिलेले आधी कोण वाचतो, एवढे तरी अभ्यासकाने विचारावे. हे न विचारता केलेल्या लोकशाहीच्या गोष्टी म्हणजे ज्यांना आत प्रवेश मिळाला, त्यांनीच केलेली मोजदाद होय.