टिटवी ओरडली की मागे फिरा

परभणीहून जिंतूरला निघालं की वाटेत झरी लागतं. काळी जमीन, तूर-कापसाचं शिवार, आणि पाऊसकाळ बरा झाला असेल तर आसपासच्या सखल भागात थंडी सरेपर्यंत टिकणारं पाणी. अशा पाण्यावर अभयारण्याची पाटी नसते. मनोरा नसतो, तिकीट नसतं, वनरक्षकही नसतो. पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे. तिथं चुकीच्या वाटेनं गेलात तर हटकणारं कुणीतरी भेटतं. झरीच्या शिवारात सहाशेची लेन्स घेऊन कुणी पोटावर सरकत निघाला, तर त्याला अडवणारं कुणी नाही. गुराखी फार तर विचारील, ‘काय सर्व्हे चाललाय का?’

उथळ पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांचे मराठवाड्यातले फोटो अलीकडे आमच्याकडे पुष्कळ येऊ लागलेत आणि त्यांची प्रतही सुधारली आहे. आता उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून या अंकात त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी पाण्याचं. तुडुंब भरलेला तलाव बघून पुष्कळ जण खूश होतात आणि पाणकावळे, वारकऱ्यांचे फोटो घेऊन परततात. लांब पायांच्या मंडळींना भरलेलं पाणी नको असतं. त्यांचं पोट उघड्या पडणाऱ्या चिखलावर चालतं. चिखल्या ओल्या मातीवर धावतो, टिलवा बोटभर पाण्यात टोचत राहतो, तुतवार त्याच्या थोडा पुढे, शेकाट्या गुडघाभर आणि उचाट्या आपली वर वळलेली चोच आडवी फिरवत आणखी आत. पाणी ओसरतं तसा हा सगळा बाजार रोज थोडा आत सरकतो. येलदरीसारख्या धरणांच्या पोटात पाणी हटलं की शेतकरी गाळपेर करतात आणि त्यांच्या मागोमाग काठावर मोटारी लागतात. तेव्हा गेल्या रविवारी जिथं लपण उभारलं होतं, तिथं या रविवारी हरभरा उगवलेला दिसला तर नवल नको. लपण नंतर, आधी कडेची ओल कुठवर आली आहे ते पाहा. काठावर पावलांच्या आणि चोचीच्या भोकांच्या ताज्या खुणा असतील तर पक्षी तिथं परत येतो. तुम्ही त्याच्याकडे जाण्यापेक्षा तो तुमच्याकडे येईल अशी जागा धरणं केव्हाही चांगलं.

काळ्या मातीचा एक त्रास इथल्या फोटोग्राफरांनाच ठाऊक आहे. शेकाट्याचं पोट पांढरंशुभ्र, मागची माती जवळजवळ काळी. मीटर मातीकडे बघून एक्स्पोजर वाढवतो आणि पक्ष्याच्या अंगावरचं एकेक पीस नाहीसं होतं. पाऊण ते एक स्टॉप खाली उतरा आणि हिस्टोग्रामची उजवी कड बघत राहा. दुसरा त्रास उन्हाचा. काळी जमीन लवकर तापते, आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा अशी थरथरते की दोन लाखांची लेन्सही मऊ दिसू लागते. मग माणूस लेन्सला नाहीतर फोकसला दोष देतो आणि टेलिकन्व्हर्टर लावून तीच थरथर मोठी करून घेतो. त्या वेळी कॅमेरा बॅगेत टाकून दुर्बीण काढावी.

जवळ जाण्याबद्दल गुराख्याकडून शिकण्यासारखं आहे. म्हशींमागून तो काठाकाठानं जातो, शेकाटे दहा पावलं बाजूला होतात आणि पुन्हा चरायला लागतात. आपण तेवढ्याच अंतरावर गेलो की अख्खा थवा उठतो. गुराखी थांबत नाही, रोखून बघत नाही, सरळ पक्ष्याच्या रोखानं चालत नाही. आपण हे तिन्ही करतो, वर एक काळा लांबोडा डोळा त्याच्यावर रोखतो. त्यामुळे उजाडण्यापूर्वी जाऊन झोपून राहायचं आणि पक्षी चरून लांब गेल्यावरच उठायचं, याला अजून तरी पर्याय सापडलेला नाही. कॅमफ्लाजच्या कपड्यांवर जितका खर्च होतो त्याच्या निम्म्यानंही धीर विकत मिळत असता तर बरं झालं असतं.

खरी चिंता मात्र पुढच्या तीन-चार महिन्यांची आहे. चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपण साजरा करतो. तेव्हा पाहुणे नुकते उतरत असतात आणि सगळीकडे व्याख्यानं होतात. मार्चनंतर पाहुणे परतले की इथलेच रहिवासी अंडी घालायला बसतात आणि त्या वेळी व्याख्यानं देणारं कुणी नसतं. टिटवी, छोटा कंठेरी चिखल्या, शेकाट्या, आर्ली, शिवाय नदी सुरय. घरटं म्हणजे उघड्या गाळावरची किंवा वाळूवरची एक खळगी. टिटवीची चार अंडी टोकं आत करून ठेवलेली असतात आणि मातीत अशी मिसळून जातात की पाय पडल्यावरच कळावं. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असा अंदाज गावातले जुने लोक बांधतात. तो खरा ठरो न ठरो, पण त्यांना घरटं कुठं आहे हे माहीत असतं आणि नांगर तेवढा भाग सोडून जातो, हे अनेक शिवारांत बघायला मिळतं.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांचं ऊन असतं. या पक्ष्यांच्या आई-बापांचं काम अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवण्याचं जास्त. टिटवी पाण्यात उतरते, पोटाची पिसं भिजवते, धावत येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. पुन्हा जाते, पुन्हा येते. फार देखणं दृश्य असतं, आणि त्यासाठीच कॅमेरे घरट्याजवळ मांडले जातात. पण कॅमेऱ्यामागचा माणूस जवळ असेपर्यंत ती अंड्यांवर येत नाही. लांबून ओरडते, डोक्यावर घिरट्या घालते. चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत निघतो. फोटोग्राफरला वाटतं, वा, काय वर्तन टिपलं! तेवढ्या वेळात अंडी उघड्या उन्हात असतात आणि आतलं पिल्लू मरायला फार वेळ लागत नाही. शिवाय आपण मातीत उमटवलेली पावलं आणि वास कुत्र्यांना घरट्यापर्यंत आणतात, कावळा तर आपल्याकडे बघतच असतो.

म्हणून टिटवी ओरडू लागली, चिखल्या लंगडू लागला, की फोटो न काढता आल्या वाटेनं मागे फिरायचं. एवढं केलं तरी पुरे. ज्यांना हा केवळ सौजन्याचा भाग वाटतो त्यांच्यासाठी : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणं शिकारीतच मोजलं आहे. ती तरतूद अभयारण्याच्या कुंपणापाशी थांबत नाही, झरीच्या बांधावरही लागू आहे.

या महिन्यापासून जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचे अंड्यांसह वा घरट्यावरचे फोटो आम्ही छापणार नाही, स्पर्धेतही घेणार नाही. ‘टेलीनं लांबून काढला’ हे स्पष्टीकरण चालणार नाही, कारण लांबी सांगणाऱ्याची असते आणि उन्हं पक्ष्याची. काही वाचक नाराज होतील. चांगले फोटो हातचे जातील, हेही आम्हाला ठाऊक आहे.

दुर्मिळ पक्ष्यांच्या जागेबद्दलही थोडं. कोरल, काळ्या शेपटीचा मालगुजा किंवा पांढऱ्या मानेचा करकोचा छोट्या तलावावर दिसला, की संध्याकाळपर्यंत लोकेशन पिन चार व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरते आणि दुसऱ्या दिवशी काठावर गाड्यांची रांग लागते. हे तिन्ही पक्षी आययूसीएनच्या संकटसमीप यादीत आहेत. फोटोखाली आम्ही यापुढे फक्त तालुका छापू, आणि फाइल पाठवताना तिच्यातलं जीपीएस काढून टाका. मात्र नोंद लपवू नका, ती योग्य ठिकाणी पोचवा. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे आणि तिला नावाजलेल्या जलाशयांइतकीच तालुक्यातली छोटी पाणथळं हवी आहेत. पायात कडी किंवा रंगीत झेंडी असलेला पक्षी दिसला तर आधी पाय फ्रेममध्ये घ्या आणि अक्षरं वाचता येतील असा फोटो बीएनएचएसकडे पाठवा. पार्श्वभूमी धुरकट, पक्षी पाठमोरा, पण झेंडीवरचा क्रमांक स्पष्ट असेल, तर आमच्या मते तो त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो.

मे अंकासाठी मराठवाड्यातल्या पाणथळांचे फोटो मागवत आहोत. सोबत तारीख, वेळ, तालुका, अंदाजे अंतर आणि लपण, गाडी की उघड्यावरून, एवढं लिहा. आवाज वाजवून पक्षी बोलावला असेल तर तेही लिहा, फोटो आम्ही परत पाठवू. फाइली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचाव्यात.