विश्लेषण : कबड्डीतला ‘कोपरा’ प्रो लीगसाठी तयार कधी होतो?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या मंडळांत दरवर्षी तीच चर्चा रंगते. आपला मुलगा यंदा जाणार का? मुलगा चढाईपटू असेल तर उत्तर लवकर मिळते. त्याचे गुण मोजता येतात, चढाया दिसतात, पळ दिसतो. तो बचावपटू असेल, त्यातही कोपरा सांभाळणारा असेल, तर प्रश्न अवघड होतो. कुमार गटात पकडीमागून पकडी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा देशातल्या सर्वोच्च लीगच्या मॅटवर टिकेल का? बहुतेकांच्या बाबतीत खरे उत्तर ‘अजून नाही’ असेच आहे. मात्र याचे कारण त्या मुलाच्या गुणवत्तेपेक्षा तो आजवर कोणासमोर खेळला, यात अधिक सापडते.

कोपऱ्याचे काम वेगळे का?

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईला ३० सेकंद. समोर सात जण. त्यातले दोन टोकांना, म्हणजे कोपऱ्यात. चढाईपटू आत आला की घोटा किंवा मांडी धरण्याची पहिली जबाबदारी सहसा यांचीच. मधले रक्षक धडक देतात, ब्लॉक करतात, मागून येऊन साखळी पूर्ण करतात. पण सुरुवात कोपऱ्याने करायची असते आणि ती अर्ध्या सेकंदाने चुकली की सगळेच फसते.

फसण्याची किंमतही पाहावी. चढाईपटूचा हात रिकामा परतला तर त्याचे काही बिघडत नाही, त्याला पुढची चढाई मिळते. कोपऱ्याने झेप घेतली आणि पाय निसटला, तर समोरच्याला गुण आणि स्वतः बाहेर. मदतीला धावलेले दोघे त्या झटापटीत चढाईपटूला लागले असतील तर तेही बाहेर. एका घाईच्या पकडीतून तीन गडी जातात आणि पुढच्या दोन मिनिटांत लोण चढतो. संघाने पकड करून किंवा गुण घेऊन जिवंत करेपर्यंत हा मुलगा बाकावर बसून ते पाहत राहतो.

शिवाय त्याला लपायला जागा नसते. चढाईपटू बचावाच्या वेळी बहुधा कोपऱ्याशेजारी उभे राहतात. त्यांच्याकडून पकडीची अपेक्षा कमी असते. कोपऱ्याचे तसे नाही. तो कच्चा आहे हे समोरच्या प्रशिक्षकाला पाच मिनिटांत कळते आणि मग प्रत्येक चढाई त्याच बाजूने येते.

रीळमध्ये काय दिसत नाही?

हल्ली प्रत्येक होतकरू खेळाडूच्या मोबाइलमध्ये त्याच्या पकडींची रीळ असते. संगीत, स्लो मोशन, शेवटी शड्डू. ती पाहून मंडळातले, नातेवाईक आणि कधी कधी प्रशिक्षकही भारावतात. पण रीळमध्ये फसलेली पकड नसते. लीगमधल्या नावाजलेल्या बचावपटूंचेही जवळपास निम्मे प्रयत्न फसतात, हे लक्षात घेतले तर रीळ म्हणजे फक्त अर्धी गोष्ट ठरते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, न केलेली पकड रीळमध्ये येऊच शकत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्यामुळे पहिल्या दोन चढायांत समोरचा मुद्दाम खिजवत राहतो, पाय पुढे करतो, बोनसच्या रेषेवर नाचतो. त्याला हवी असते ती तुमची घाई. अशा वेळी जागेवरून न हलणारा कोपरा संघाला जो फायदा करून देतो, तो गुणफलकावर त्याच्या नावापुढे लागत नाही. उपनगरातल्या स्पर्धांत प्रेक्षक मात्र पकडीला टाळ्या वाजवतात, थांबण्याला नाही. मुलगा तेच शिकतो.

आणि हे फक्त मुलाचे दोष नव्हेत. स्थानिक कुमार सामन्यांत समोरचा चढाईपटूही कच्चाच असतो. त्याच्याविरुद्ध घाईची पकडही यशस्वी होते. चूक कळण्यासाठी ती शिक्षा करणारा समोर असावा लागतो.

उदाहरणे काय सांगतात?

नितेश कुमार २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून लीगमध्ये आला आणि पुढच्याच, २०१८ च्या हंगामात त्याने पकडीचे १०० गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. इराणचा मोहम्मदरझा शादलू एकविशीत पाटणा पायरेट्सकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात ८९ गुणांसह सर्वोत्तम बचावपटू ठरला. म्हणजे वय हा निकष नाही, हे मान्य करायला हवे. पण ही दोन नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात, ती नेमकी अपवाद असल्यामुळे.

आपल्याकडच्या मुलाला जवळचे उदाहरण शुभम शिंदेचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला हा उजवा कोपरा २०१८ च्या सुमारास पुणेरी पलटणमधून पुढे आला. लगेच तारा झाला नाही. संघ बदलले, बंगाल वॉरियर्सकडे खेळला, आणि २०२४ च्या अकराव्या हंगामात पाटण्याचा कर्णधार म्हणून अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्या लढतीत हरियाणा स्टीलर्सने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. पदार्पणापासून कर्णधारपदापर्यंत सुमारे सहा वर्षे लागली. कोपऱ्याच्या कारकीर्दीचा खरा वेग साधारण असाच असतो.

पुणेरी पलटणचे उदाहरणही नीट वाचण्यासारखे आहे. तरुणांना घडवणारा संघ म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे नमवून त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्णधार आपला अस्लम इनामदार होता, बचावात संकेत सावंत होता. पण त्याच संघाने त्या हंगामाआधी शादलूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. तरुणांवर विश्वास ठेवणाऱ्या संघानेही बचावाचा आधारस्तंभ विकत आणला आणि बाकीच्यांना त्याच्या आजूबाजूला वाढू दिले. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले.

महाराष्ट्राचे बचावपटू कमी का दिसतात?

२०१५ मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचे दोन्ही कोपरे, सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, हरियाणा-दिल्लीकडचे होते. मुंबईचा विशाल माने मधल्या फळीत होता. २०१८ च्या सुरुवातीला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा गिरीश इरनाकसारखा अनुभवी बचावपटू संघात होता. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेच्या भारतीय संघात गिरीश डाव्या कोपऱ्यासाठी होता. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला सुवर्ण जिंकणाऱ्या १२ जणांत महाराष्ट्राचे दोघे होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. अस्लम अष्टपैलू, आकाश चढाईपटू. निव्वळ बचावपटू एकही नव्हता.

गिरीश, विशाल यांची पिढी कुठे घडली? मंडळांत सुरुवात झाली, पण पक्की झाली ती पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत, कंपन्यांच्या संघांविरुद्ध. मुंबईत बँका, रेल्वे, तेल कंपन्या, पोर्ट, विमान कंपनी यांचे संघ होते. विशीतला मुलगा तिथे तिशीतल्या, कसलेल्या चढाईपटूंसमोर उभा राहायचा, मार खायचा आणि शिकायचा. शिवाय महिन्याचा पगार मिळायचा. ती पायरी आता खिळखिळी झाली आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. कायमस्वरूपी खेळाडू भरती एकूणच आटली. काही संघ आजही जोमाने खेळतात, हे खरे. पण कुमार गट आणि प्रो लीग यांच्यामधला तो रुंद पूल आता साकव झाला आहे, आणि त्याचा सर्वाधिक फटका बचावपटूंना बसतो. चढाईपटू स्वतःच्या पायांवर चमकू शकतो. कोपरा घडायला समोर चांगला चढाईपटू आणि शेजारी ओरडून सांगणारा अनुभवी मधला रक्षक, दोन्ही लागतात.

वजन, मॅट आणि परीक्षा

लीगमध्ये खेळाडूचे वजन ८५ किलोपर्यंत चालते. कुमार गटात वजनाची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. ६५ किलोच्या मुलाने ८० किलोच्या चढाईपटूचा घोटा अचूक धरला, तरी त्याला मागे खेचून थांबवायला कंबर आणि मांड्यांत वेगळी ताकद लागते. ती एका उन्हाळ्यात, प्रथिनांच्या डब्यांवर येत नाही. घाईने वजन वाढवलेल्या मुलांचे गुडघे आणि खांदे आधी तक्रार करतात.

सरावाची जागा हा उपनगराचा जुना रडगाण्याचा विषय आहे. मातीवर सराव, मॅटवर सामना. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो, त्यामुळे झेप घेण्याचे अंतर आणि क्षण दोन्ही बदलतात. ज्या मंडळांकडे मॅट आहे, त्यांनाही ते अंथरायला रोज जागा मिळतेच असे नाही.

परीक्षेचेही गणित आहे. २०२५ चा बारावा हंगाम २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर असा झाला. महाविद्यालयाच्या सत्र परीक्षांचे दिवस साधारण याला लागूनच येतात. घरात एकट्याची कमाई असेल, तर पदवीचे वर्ष वाया घालवायचे की लीगच्या बाकावर बसायचे, हा प्रश्न मुलाचा एकट्याचा राहत नाही.

संघात निवड झाली म्हणजे खेळायला मिळते का?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. लिलावाच्या सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत अलीकडच्या हंगामांत ९ लाख रुपये राहिली आहे. त्याशिवाय ‘न्यू यंग प्लेयर’ या योजनेतून संघ तरुणांना लिलावाबाहेर करारबद्ध करतात. योजना चांगली आहे. चांगले प्रशिक्षक, फिजिओ, आहार, मॅट हे सगळे मिळते. पण संघात विसेक खेळाडू असतात आणि मॅटवर सात. बाराव्या हंगामात प्रत्येक संघाचे साखळीत १८ सामने होते. त्यातल्या एखाद्या अटीतटीच्या लढतीत प्रशिक्षक नवा कोपरा उतरवण्याची जोखीम क्वचितच घेतो. जर्सी मिळते, गावात फलक लागतो आणि हंगाम बाकावर संपतो. अठरा ते बावीस ही शिकण्याची वर्षे. त्यात तीन महिने सराव भरपूर आणि सामने शून्य, हा सौदा चढाईपटूपेक्षा बचावपटूला महाग पडतो.

यावर एक तोडगा दूरच्या खेळात सापडतो. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये १८-१९ वर्षांच्या नवोदिताला नऊ सामन्यांपर्यंत खेळवून पाहता येते. तेवढ्यावर थांबवून त्याला कुमार संघाकडे परत पाठवले, तर त्याच्या कराराचे वर्ष मोजले जात नाही. दहावा सामना खेळला की ते वर्ष धरले जाते. त्यामुळे क्लबला ठरवावेच लागते : हा मुलगा तयार आहे का? नसेल तर तो परत जाऊन रोज खेळतो. बर्फावरही बचावपटू आघाडीच्या खेळाडूपेक्षा उशिरा पक्का होतो, हे तिथे गृहीतच धरलेले असते.

प्रो कबड्डीत असा नियम आणायला हरकत नाही. ठरावीक सामन्यांपर्यंत तरुण बचावपटूला उतरवले नाही, तर त्याला जिल्हा, राज्य किंवा कंपनीच्या स्पर्धांसाठी मोकळे करावे. राज्य संघटनेच्या स्पर्धांत आता उपनगरचे पूर्व आणि पश्चिम असे वेगळे संघ उतरतात. त्यामुळे जागा वाढल्या आहेत. त्या जागांवर लीगच्या शिबिरातून आलेला, पण खेळायला आसुसलेला कोपरा उभा राहिला तर फायदा दोघांचा. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ महाराष्ट्राचे. सुरुवात त्यांनी करावी, लीगची वाट पाहू नये.

पालकांनी काय विचारावे?

मुलाने किती पकडी केल्या, यापेक्षा गेल्या वर्षभरात तो पुरुष गटात किती सामने खेळला, हे आधी पाहावे. दोन-तीन मोसम पुरुषांच्या स्पर्धा, निदान एकदा राज्य निवड चाचणीचा अनुभव, आणि आघाडीवर असताना शेवटच्या पाच मिनिटांत हात आवरण्याची सवय, एवढे असेल तर वय वीस असो की तेवीस, त्याला पाठवायला हरकत नाही. त्याच्यासोबत खेळणाऱ्या मधल्या रक्षकाला विचारले तर उत्तर आणखी लवकर मिळेल. शेजारच्याला कळते, कोपरा इशारा देऊन झेपावतो की मनात आले म्हणून.

करार समोर आला की रकमेआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सामन्यांत उतरवण्याबद्दल संघ काय सांगतो? हंगाम संपल्यावर बाहेरच्या स्पर्धा खेळायची मुभा आहे का? आणि सरावात गुडघा गेला, तर शस्त्रक्रियेचा आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांचा खर्च कोण करणार? तिसऱ्याचे उत्तर लेखी घ्यावे.